अनेक-ते-अनेक संबंध : मोजणी आणि विश्लेषण

उद्दिष्ट : या घटकाच्या अभ्यासानंतर विदासंचातील दुवे आणि वस्तू यांच्या संख्यांतील भेद आपणांस स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन

धाराशिव जिल्ह्यातील वारसास्थळांची सूची आपण जँगो या पायथॉन भाषेतील वेब-चौकटीत तयार करीत आहोत, असे समजू. तुळजापूर आणि नळदुर्ग ही दोन्ही स्थळे तुळजापूर तालुक्यात येतात. परंतु प्रत्येक स्थळाचा तालुका एकच असतो. हा एक-ते-अनेक संबंध होय. स्थळ आणि अभ्यासविषय यांचा संबंध मात्र निराळा आहे. एका स्थळाला अनेक विषय लागू पडतात आणि एका विषयात अनेक स्थळे येतात. आपण पुढीलप्रमाणे वर्गीकरण करू :

तेर : मंदिर, संतपरंपरा, पुरातत्त्व
तुळजापूर : मंदिर
नळदुर्ग : किल्ला
परांडा : किल्ला
धाराशिव लेणी : लेणी, पुरातत्त्व

त्रिविक्रम मंदिर, संत गोरा कुंभार यांची परंपरा आणि प्राचीन तगर नगराचे अवशेष यांमुळे तेरला तीन विषय मिळतात. असा संबंध जँगो एका तिसऱ्या, जोड-तक्त्यात साठवते. त्यात प्रत्येक दुव्याची एक ओळ असते. येथे स्थळे 5, विषय 5 आणि दुवे 8 आहेत.

आता ‘मंदिर किंवा पुरातत्त्व या विषयांची स्थळे किती?’ असे विचारल्यास साध्या मोजणीचे उत्तर 4 येते. तेर दोन्ही विषयांत असल्याने ते दोनदा मोजले जाते. ‘डिस्टिंक्ट’ ही सूचना दिल्यावर 3 हे योग्य उत्तर मिळते.

दोन संबंध एकत्र मोजताना फरक अधिक वाढतो. तेरला दोन संदर्भग्रंथ जोडून विषय व ग्रंथ एकाच प्रश्नात मोजले, तर तीन गुणिले दोन या हिशेबाने दोन्हींची संख्या 6 दिसते. यावर एक उपाय : प्रत्येक ‘काउंट’मध्ये ‘डिस्टिंक्ट’ लावणे.

संगणक येथे चुकत नाही. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देतो. म्हणून प्रबंधात संख्या लिहिण्यापूर्वी ती कशाची आहे, हे अभ्यासकाने ठरविले पाहिजे. अन्यथा तीन स्थळांचा जिल्हा-आढावा चार स्थळांचा म्हणून नोंदला जाईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न

परांड्याला ‘पुरातत्त्व’ हा विषय जोडल्यास वरील पहिल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे काय येतील?

उत्तर : साध्या मोजणीने 5, ‘डिस्टिंक्ट’ने 4.