भाऊजींच्या झोपेचं मनावर घे

बरं झालं, आज एकटी आलीस. चारचौघांत हे बोलायचं नव्हतं. परवा वरातीत फटाक्यांची माळ लागली आणि भाऊजी भरल्या ताटावरून उठले. तू पोटाचं निमित्त सांगितलंस, पण मला कळलं. रात्री उठून उठून दाराची कडी बघतात, बँकेतली गार्डची ड्यूटी संपवून आले की कँटीनच्या बाटलीशिवाय डोळा लागत नाही, हे तूच मागं बोलली होतीस. अगं, सतरा वर्षं फौजेत काढून चाळिशीच्या आत घरी आलेला माणूस, त्यातली निम्मी काश्मिरात!

डॉक्टरकडं चला म्हटलं की चिडतात ना? चिडणारच. फौजेत असल्या मनाच्या आजाराची कागदावर नोंद झाली की मेडिकल कॅटेगरी खाली येते, मग पोस्टिंग-प्रमोशन अडतं. ती धास्ती अजून मनात आहे. पण मिळालेली पेन्शन या आजारानं बंद होत नाही, हे त्यांना नीट सांग. डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, परत भरती व्हायचं असेल तर तिथं मेडिकल असते, ते मात्र लपवू नको.

मनोविकाराचं नावच काढू नको पहिल्यांदा. बीपीच्या गोळ्यांसाठी साताऱ्याच्या माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला जातातच, तेव्हा तूही सोबत जा. डॉक्टरांना झोपेचं सांग, बाटलीचंही सांग. आणि घरात शपथा घालून दारू एकदम तोडायला लावू नको बाई; रोज पिणाऱ्याला त्यानं झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. तिथून पॅनेलवरच्या हॉस्पिटलचं रेफरल मिळतं. कार्ड तुझंही आहे, तुझ्या जिवाला लागलेल्या घोराचंही तिथं बोल.

ते अजिबात तयार नसतील तर तू स्वतः १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री उचलतात, मराठीत बोलतात. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, फौजेतल्या लोकांसाठी तिचा वेगळा कक्षही २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालाय.

आणि भाऊजींची ती बारा बोअरची बंदूक. 'आता जगून काय करू' असं कधी तोंडातून निघालं असेल, तर ती घरात नको. त्यांच्याशी बोलून पोलीस ठाण्यात जमा करता येते. असं बोलले तर त्यांना एकटं सोडू नको, तडक सिव्हिल हॉस्पिटलला ने.

आता आपल्या सगळ्यांचं एक काम. माजी सैनिकांच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ होतं, फोटो होतात, अन् झोपेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. या खेपेला आपण बायकांनीच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला अर्ज देऊ: पॉलिक्लिनिकमध्ये ठरल्या वारी मनोविकारतज्ज्ञ बसू देत. एका चिठ्ठीसाठी आणि मग तपासणीसाठी, असे दोन दिवस गार्डच्या नोकरीत रजा कोण देतं? अर्ज मी लिहिते. तू वरच्या आळीतल्या बायकांच्या सह्या घे.