भिंत ओली का होते, आणि कधी पडते?

१४ एप्रिल जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी रंगाचे डबे उघडतात. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वरून निळा नाहीतर पांढरा रंग मारायचा. जयंतीला घर लख्ख दिसते. मग जुलै येतो आणि त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर, तोच फुगारा पुन्हा धरतो. "दरसाल हजार-दीड हजार रुपये रंगात घालून राहिलो बाई, पण ही भिंत काही ऐकत नाही," असे उत्तर नागपुरातल्या एका मावशीने आम्हाला सांगितले. भिंत ऐकणार कशी? तिला झाले काय, हे कोणी पाहिलेच नव्हते. गोळी दिली की ताप उतरतो, पण ताप कशाचा हे शोधले नाही तर तो परत येतो. रंग म्हणजे तशीच गोळी.

वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण घरोघरी बसतो. वाचन आटोपले की आम्ही आरोग्य गटाच्या बाया त्या घराच्या भिंतीही पाहून घेतो. आषाढी पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हे ऐन पावसाचे तीन महिने, आणि भिंतीचे दुखणे या काळात लपत नाही. या मावशीचा नऊ वर्षांचा नातू सिकलसेलचा एसएस रुग्ण आहे. त्याची खाट त्याच भिंतीला लावलेली होती. सिकलसेलच्या लेकराला गारठा, ओले अंथरूण, पाणी कमी पडणे आणि छातीचा संसर्ग यांपैकी कशानेही दुखण्याचा झटका येऊ शकतो. आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा अशी मुले दर पावसाळ्यात यायची. सलाइन, दुखण्याचे औषध, गरज पडली तर ऑक्सिजन, आणि चार दिवसांनी सुट्टी. "गारठ्यापासून जपा" एवढे सांगून आम्ही त्यांना घरी पाठवायचो. लेकरू कोणत्या भिंतीजवळ झोपते, हे आम्ही एकदाही विचारले नाही.

ओलीवर काळी-हिरवी बुरशी चढते. तिचे बारीक कण श्वासातून आत गेले की दमेकरी माणसाची छाती भरते आणि लहान मुलांना घरघर सुरू होते. एक प्रश्न स्वतःला विचारा: मामाच्या गावाला गेल्यावर पोराचा खोकला कमी होतो आणि घरी आल्यावर चार दिवसांत परत सुरू होतो, असे होते का? होत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पण सगळा दोष भिंतीवर टाकून मोकळे होऊ नका. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, वजन उतरले, संध्याकाळी ताप येऊ लागला तर थुंकीची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. क्षयरोग ओलीने होत नाही, जंतूने होतो. मात्र पाऊस आत येतो म्हणून बारा महिने खिडकीला पोते ठोकलेल्या खोलीत तो जंतू हवेत जास्त वेळ टिकतो.

पाणी येते कुठून?

भिंत तपासताना आम्ही तीन गोष्टी विचारतो: ओल कुठपर्यंत आहे, कधी वाढते, आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे.

ओल जमिनीपासून सुरू होऊन गुडघा-कमरेपर्यंत येऊन आडव्या रेषेत थांबत असेल आणि त्या रेषेवर पांढरा लोणा फुलत असेल, तर पाणी पायातून चढते आहे. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसेच विटेत पाणी चढते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर येतात, पाणी उडून जाते, क्षार राहतात आणि प्लास्टर आतून फोडतात. जुन्या घरांच्या जोत्यावर पाणी अडवणारा थर टाकलेलाच नसतो. त्यातच वस्तीत रस्त्यावर रस्ता चढत गेला. ज्या घराला पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आता एक पायरी उतरून जावे लागते. मावशींचे घर असेच होते, आणि भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी, तिची मोरी फुटलेली. एवढे कळायला आम्हाला दहा मिनिटे लागली. त्याआधी सहा वर्षे रंग लागला होता.

अशा भिंतीला आतून सिमेंटचे प्लास्टर किंवा वॉटरप्रूफ रंग मारला तर ओल जात नाही. सुकायला वाट मिळत नाही म्हणून ती आणखी वर सरकते. आधी बाहेरची माती जोत्याखाली उतरवा, पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्या, फुटकी मोरी बांधून घ्या. मग ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवा. नागपूरचा एप्रिल-मे ही फुकटची भट्टी आहे, ती वापरा. लोणा कोरड्या झाडूने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. धुतलात तर क्षार परत विटेत शिरतात. रंग सगळ्यात शेवटी.

ओल वरून खाली येत असेल, छतावर चहाच्या डागासारखी तपकिरी वर्तुळे असतील आणि पावसानंतर दुसऱ्या दिवशी ती वाढत असतील, तर स्लॅब किंवा कठडा गळतो आहे. वर जाऊन पाहा. निम्म्या वेळा पाणी जायचा पाइप पाला-प्लास्टिकने तुंबलेला असतो आणि स्लॅबवर तळे साचलेले असते. भर मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हातही भिंत ओली असेल तर पाऊस निर्दोष आहे, नळाची लाइन पाहा. रात्री टाकी भरून पाण्याच्या पातळीवर खूण करा, सगळ्या तोट्या बंद ठेवा आणि सकाळी पाहा. पाणी उतरले असेल तर लाइन किंवा टाकीच गळते आहे.

चौथे कारण आपणच असतो. चूल-गॅसची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, आणि आपल्याकडचा कुलर. खिडकीत बसवलेल्या कुलरच्या ठिबकाने खालची भिंत चार महिने भिजते. पावसाळ्यातही बंद खोलीत तो पाण्यासकट चालवला तर अख्खी खोली दमट होते. पाणी भिंतीतून येते की हवेतून, हे ठरवायला सोपी परीक्षा आहे. हातभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी थेंब भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर वाफ बाहेर काढायची वाट करा.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा अंगरखा

कवेलूची घरे आता कमी झाली, पण मातीच्या भिंती अजून आहेत. फक्त त्या दिसत नाहीत. वर टिन आले आणि भिंतीला सिमेंटचे प्लास्टर चढले. घर पक्के वाटते. आम्हाला सगळ्यात जास्त भीती याच घरांची वाटते. मातीची भिंत शेणामातीच्या किंवा चुन्याच्या लेपातून सुकत राहते. सिमेंट तिला सुकू देत नाही. भेगेतून किंवा पायातून शिरलेले पाणी आतच राहते, खालची माती चिखल होते, आणि वरचे प्लास्टर शेवटपर्यंत धडधाकट दिसते. एका वस्तीत अशी भिंत पहाटे पडली. आदल्या संध्याकाळी त्याच भिंतीला टेकून आम्ही चहा घेतला होता. घरची माणसे दुसऱ्या खोलीत झोपलेली होती म्हणून वाचली. खुणा होत्या, पण तेव्हा आम्हाला त्या वाचता येत नव्हत्या. भिंतीचा खालचा भाग पोटासारखा बाहेर आला होता, बोटाने वाजवले की पोकळ आवाज येत होता, आणि कोपऱ्यात रोज थोडी बारीक माती पडत होती. "उंदीर उकरून राहिले," असे घरच्या आजी म्हणायच्या.

तुमच्या घरी या खुणा असतील तर प्लास्टरवर प्लास्टर चढवू नका. भिंतीजवळची खाट आजच हलवा. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असेही नाही, कारण भिजलेली माती जड असते आणि कमजोरही.

भेगांची भाषा

प्लास्टरवरच्या केसाएवढ्या जाळीदार भेगांनी घर पडत नाही. जुन्या भिंतीला नवी खोली जोडली तिथली उभी भेगही बहुधा सांध्याची असते. लक्ष द्यायचे ते खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारख्या चढणाऱ्या भेगांकडे. त्या सांगतात की पाया हलतो आहे.

नागपुरात बऱ्याच ठिकाणी पायाखाली काळी माती आहे. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच या. दीड-दोन फुटांचा उथळ पाया याच हलत्या थरात बसलेला असतो, म्हणून भेग मे महिन्यात उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते. उन्हाळ्यात तिच्यात कडक सिमेंट ठासले तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. पन्हाळीचे किंवा धुण्याचे पाणी घराच्या एकाच कोपऱ्यात पडू देऊ नका. एक कोपरा फुगला आणि दुसरा कोरडा राहिला की घर वाकडे होते.

वॉर्डात तापाचा तक्ता ठेवतात तसा भेगेचा ठेवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा आणि दर महिन्याला पाहा. रेघेपुढे भेग गेली तर ती जिवंत आहे. एक रुपयाचे नाणे आत शिरत असेल तर जाणकाराला दाखवा. पेन्सिलच आत जात असेल तर अभियंता येईपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

विटेच्या भिंतीतून पिंपळाचे रोप निघाले की आपल्याकडे कोणी हात लावत नाही. बोधिवृक्ष म्हणून आदर आहे, तो असूच द्या, पण त्याची मुळे भिंत चिरतात. बोटाएवढे असतानाच ते मुळासकट काढा आणि विहाराच्या आवारात लावा.

स्लॅबचे वेगळे. पाणी लोखंडापर्यंत पोचले की गज गंजतो. गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा घेते आणि काँक्रीटची खपली पाडते. गजाच्या रेषेत सरळ भेग, तांबूस डाग, उघडे पडलेले गज, हे सगळे त्याचेच. काठीने वाजवून पाहा, ठक्क आवाज चांगला, भद आवाज वाईट. उघड्या गजावर नुसते सिमेंट लिंपले तर गंज आत चालूच राहतो. आणि वजन विसरू नका. १००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत असेल तिथे ठेवा. मुलाचे लग्न ठरले म्हणून साडेचार इंची भिंतीवर दुसरा मजला चढवतात, तिथे मिस्त्रीचा शब्द पुरत नाही, अभियंताच दाखवावा लागतो.

पुरानंतर, आणि करंट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. असे पाणी शिरलेले घर सुकायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब असा की भिंतीच्या दर इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत म्हणजे पुढचा उन्हाळा आला. तोवर चिखल धुऊन, दारे-खिडक्या उघडून, सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवून थांबा.

ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते घर त्या क्षणी आजारी नाही, जीवघेणे आहे. कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. दरवर्षी आपल्याकडे कुलरचा शॉक लागून माणसे जातात. अर्थिंग नीट करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवा. एक वर्षाच्या रंगाचा खर्च तिकडे वळवला तर मोठा भार निघून जातो.

बुरशी पुसताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, लेकरांना बाहेर पाठवा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. कोरड्या ब्रशने घासू नका. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

भिंत फुगली, दार अचानक अडकू लागले, रात्रीतून भेग रुंदावली किंवा स्लॅब झोळ खाऊ लागला तर आधी माणसे बाहेर, मग विचार. विहार उघडा करून घ्या. नंतर महापालिकेच्या झोन कार्यालयात तारखेच्या फोटोंसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घर कच्चे असेल आणि जागेचे कागद असतील तर अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेची चौकशी करा. पट्टा नाही म्हणून अर्जच न करणारी घरे आम्हाला बरीच भेटतात. कागद गोळा करायला आमच्या गटातली कोणीही सोबत येईल.

मावशींच्या घरी शेजाऱ्यांशी बोलणे करायला दोन बैठका लागल्या. मोरी दोघांनी मिळून बांधली. भिंत पूर्ण उन्हाळा उघडी राहिली, जयंतीलाही. पाहुणे विचारायचे, "काहून रंग नाही मारला?" नातवाची खाट आता खिडकीशेजारच्या कोरड्या भिंतीकडे आहे. ओलीच्या जुन्या रेषेवर त्यानेच पेन्सिलने तारीख लिहिली आहे, आणि दर पौर्णिमेला तो ती पाहून आम्हाला सांगतो.