ऐयारांचे चातुर्य

काशीच्या दक्षिणेस विंध्य पर्वताच्या रांगा लागतात. तेथील चकिया व नौगढ या भागांतील जंगलांचा ठेका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवकीनंदन खत्री यांच्याकडे होता. जंगलाची देखरेख करीत हिंडताना पडके किल्ले, ओसाड वाडे आणि अंधाऱ्या गुहा त्यांच्या दृष्टीस पडत. पुढे ठेका हातचा गेला. पण त्या भग्न वास्तूंनी त्यांच्या मनात जे घर केले ते कायमचेच. त्यांतूनच 1888 साली ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी जन्मास आली.

कथेतील नौगढ, विजयगढ आणि चुनार ही स्थळे खरी आहेत. चुनारचा किल्ला तर आजही गंगेच्या काठी उभा आहे. राजे व त्यांची भांडणे मात्र सर्वस्वी लेखकाच्या कल्पनेतील होत.

विजयगढचा राजा जयसिंह यास पुत्र नव्हता. चंद्रकांता ही त्याची एकुलती एक कन्या. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह याच्यावर तिचे प्रेम होते. इकडे विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याच्या मनात निराळेच बेत शिजत होते. राजकन्येशी विवाह झाला की सिंहासन आपोआप आपल्या हाती येईल, असे त्यास वाटे. आपल्या दोघा साथीदारांस त्याने मंत्रिपदांची लालूचही दाखविली होती! वीरेंद्राविषयी तो राजाचे कान फुंकू लागला. एकदा त्याची चहाडी त्याच्याच अंगाशी आली, तेव्हा तो रागाने चुनारचा बलाढ्य राजा शिवदत्त याच्या आश्रयास गेला. राज्यातील सारी मर्मे ठाऊक असलेला माणूस शत्रूस मिळाला, आणि विजयगढवर संकट कोसळले.

अशा वेळी ढाल-तलवारीइतकेच ऐयार उपयोगी पडत. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असलेला चतुर हेर. वेषांतर, गायन, औषधींचे ज्ञान, शस्त्रविद्या, धावण्याची चपळाई या साऱ्यांत तो तरबेज असे. त्याच्या कमरेच्या बटव्यात बेशुद्ध करणारी पूड असे, तसेच शुद्धीवर आणणारे औषधही असे. शत्रूस गुंगवावे, गाठोड्यात बांधावे, पाठीवर टाकावे आणि पसार व्हावे, ही त्याची रीत. वीरेंद्राचा जिवलग मित्र तेजसिंह असाच ऐयार होता. त्याच्या गुप्त तळघराच्या दारावर सिंहाचे मुख कोरलेले होते. त्या सिंहाची जीभ ओढली की दार उघडे. चंद्रकांतेची सखी चपला हीदेखील या विद्येत पुरुषांच्या तोडीस तोड होती. तिची कारस्थाने वाचताना मोठे मोठे वीरही थोडे फिके वाटतात.

ऐयारांचा एक दंडक होता. पकडलेल्या ऐयारास ठार मारावयाचे नाही. त्यास कैदेत ठेवावयाचे. दोन राजांत वैर पेटले की हे लोक आपल्या चातुर्याने, सैनिकांचे प्राण न घेता, लढाई मिटवीत, असे खत्री यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. तथापि कथेत लढाया टळत नाहीत. शिवदत्ताची फौज विजयगढवर चालून येते, आणि ज्या वीरेंद्राविषयी जयसिंहाच्या मनात विष कालविले होते, त्याच्याच नौगढची मदत त्यास घ्यावी लागते.

यानंतर कथा तिलिस्मात शिरते. तिलिस्म म्हणजे पूर्वीच्या राजांनी धन लपविण्यासाठी बांधलेली मायावी वास्तू. तेथे दगडाचा एक बगळा चोच उघडून जिवंत माणसास गिळतो! वाचणारा दचकतो; पण पुढे उलगडा होतो की ही जादू नव्हे, तर गुप्त यंत्ररचना होय. फारसी व उर्दू दास्तानांत तिलिस्म जादूचेच असत. खत्री यांनी ती मौज ठेवली आणि भुताखेतांचा आधार बव्हंशी टाळला.

या पुस्तकाने वाचकांस असे वेड लावले की, ते वाचता यावे म्हणून अनेकांनी हिंदी लिपी शिकून घेतली, असे सांगतात. लोकांची मागणी पाहून खत्री यांनी ‘चंद्रकांता संतति’ हा कथाविस्तार 24 भागांत लिहिला. त्यातील भूतनाथ नावाच्या गूढ ऐयाराची हकीकत स्वतंत्रपणे लिहीत असता 1913 साली त्यांचे निधन झाले. अपुरी राहिलेली ती कथा त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली.