वराहपालन : शास्त्र आणि आपला प्रश्न

बौद्ध विचाराने चालणाऱ्या शाळेच्या स्मरणिकेत डुकरावरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. आम्ही इतिहासाचे शिक्षक, पशुवैद्यक नव्हे. परंतु वडार, कैकाडी आदी समाजांतील अनेक घरांनी ज्या प्राण्यावर पोट भरले आणि ज्याच्यापायी हिणकस बोलणी ऐकली, त्याविषयी विज्ञान काय सांगते हे आमच्या पालकांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

डुकराच्या घामग्रंथी जवळजवळ निरुपयोगी असतात. अंग थंड ठेवण्यासाठी ते चिखल शोधते. सावली, पाणी व पुरेशी जागा दिली, तर ते विष्ठेसाठी एक कोपरा ठरवते व झोपण्याची जागा कोरडी ठेवते. उकिरड्यावर सोडलेले जनावर मात्र उकिरड्यावरचेच खाणार. माणसाच्या विष्ठेतील पट्टकृमीची अंडी त्याच्या पोटात जातात व मांसात पुटिका तयार होतात. तीच अंडी दूषित पाण्यातून किंवा भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत पुटिका होऊन झटके येतात, शाकाहारी माणसासही. दोष प्राण्याचा नाही, शौचालय नसलेल्या वस्तीचा आहे.

आहाराचे शास्त्र सोपे आहे. डुकराचे जठर एकच. गाईप्रमाणे त्यास कडब्यावर जगता येत नाही. मक्याने ऊर्जा मिळते, पण मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव सोयाबीनची पेंड भरून काढते आणि सोयाबीन तर सांगली-साताऱ्याच्या शिवारात पिकते. हॉटेलचे उष्टे अन्न द्यायचेच तर ते उकळून द्यावे. पिलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये : आईच्या दुधात लोह फार थोडे असते. सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिलास मातीतूनही लोह मिळत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांतच लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते.

पैदाशीत जुनी चूक म्हणजे कळपातलाच नर वर्षानुवर्षे वापरणे. जवळच्या नात्यातील संकराने पिले कमी व अशक्त होतात. गुवाहाटीजवळ राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने बंगालच्या घुंगरू जातीचा हॅम्पशायरशी संकर करून ‘राणी’ हे वाण तयार केले : देशी काटकपणा आणि विदेशी वाढ.

रोगांविषयी थोडे सविस्तर. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम व अरुणाचलमार्गे भारतात प्रकटला. माणसास तो होत नाही, पण त्यावर उपचार नाही. बाधित कळप नष्ट करावा लागतो. क्लासिकल स्वाइन फीवर हा वेगळा रोग, त्यावर लस आहे. पूर्वी ती बनवताना प्रत्येक खेपेस असंख्य ससे मारावे लागत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने ती पेशीसंवर्धनावर तयार केली आणि सशांचा बळी टळला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. हे उदाहरण आम्ही वर्गात त्या भेदासोबत सांगतो. गरज म्हणून जे मानले जाते, तेही ज्ञानाने कमी होऊ शकते.

आता मूळ प्रश्न. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, असे बजावले. मग हा धंदा सुधारा म्हणणे उलट्या दिशेचे नाही काय? आमच्या मते नाही. त्यांचा रोख जन्माने लादलेल्या कामावर व त्यातील लाचारीवर होता. मुलगी इंजिनिअर होणार असेल तर व्हावी; पण ज्यास जनावरेच राखायची आहेत, त्याने ती शास्त्र शिकून राखावीत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात शिरवळला आहे. तेथे प्रवेश घेण्याचे स्वप्न आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

शासनाची मदतही आहे. २०२१ च्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल ३० लाख रुपये, अनुदान मिळते. उरलेली रक्कम स्वतःची किंवा बँकेच्या कर्जाची हवी, आणि जागा मालकीची अथवा भाडेपट्ट्याची. ज्या घरांनी हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांतील बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. म्हणून अर्ज करण्याआधी दोन-चार कुटुंबांनी एकत्र येऊन भाडेपट्ट्याची जागा शोधावी. कागदपत्रांच्या कामात आम्ही सोबत येऊ.