मधुमेह आणि वाहनचालन : रक्तशर्करा घटण्याचा धोका

मधुमेही व्यक्तीने वाहन चालवू नये, असे आम्ही म्हणत नाही. अनेक कुटुंबांचा चरितार्थ रिक्षा-टेम्पोच्या चाकांवरच चालतो. मात्र इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण लांबल्यास रक्तशर्करा एकाएकी घटू शकते. ती ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास बहुधा घाम, थरथर, धडधड जाणवते. पण काहींची विचारशक्तीच आधी मंदावते आणि चालकास आपली अवस्था उमगत नाही. म्हणून अंदाजावर न विसंबता साखर मोजणे, हाच उपाय.

ब्रिटनमधील परवाना विभागाचा दंडक अनुकरणीय आहे. इन्शुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वी २ तासांच्या आत आणि प्रवासात दर २ तासांनी साखर तपासावी. ती ९० पर्यंत असल्यास आधी काही खावे. ७२ खाली असल्यास वाहन चालवूच नये.

वाटेत लक्षणे जाणवल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून, किल्ली काढून, चालकाची जागा सोडावी. ३ लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर पूर्ववत झाली तरी मेंदू सावरण्यास वेळ लागतो. म्हणून त्यानंतरही ४५ मिनिटे थांबावे.

आपल्याकडे परवान्याच्या नमुना १ मध्ये एकाएकी शुद्ध हरपण्याविषयी अर्जदारास स्वतः निवेदन करावे लागते. रोजगार जाईल या भीतीने असे प्रसंग लपवू नयेत. डॉक्टरांना सांगितल्यास औषधाची मात्रा वा वेळ बदलता येते. जेवणाचा डबा व साखरेची पुडी सोबत असल्याखेरीज कुटुंबीयांनी चालकास निघू देऊ नये, ही आमची नम्र विनंती.