आधी पाणी, मग प्राणी

तू अ‍ॅक्सोलॉटल पाळायचं मनावर घेतलंयस, असं ताईकडून कळलं. पाळ. माझ्या घरात काचेची टाकी नव्हती असा काळ मलाच आठवत नाही, तेव्हा मामा मोडता घालेल ही भीती काढून टाक. पण एवढं ऐक: प्राणी सगळ्यात शेवटी आणायचा. त्याआधी दीड-दोन महिने नुसतं पाणी पाळायचं. रिकाम्या टाकीसमोर बसलेलं बघून घरचे हसतील. हसू देत.

टाकी घ्यायला गेलीस की दुकानदार उंच, देखणी टाकी पुढे करेल. ती नको. अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा सॅलमँडर; तो तळावर चार पायांनी हिंडतो, त्याला उंचीचा उपयोग नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी साधी टाकी एकट्यासाठी ऐसपैस होते. काठोकाठ भरली तर त्यात साधारण 190 लिटर पाणी मावतं, पण वरची चार बोटं रिकामी ठेव आणि जाळीचं झाकण बसव; हे सुस्त दिसणारं ध्यान अधूनमधून उडी मारतं. काच धरून वजन दोनशे किलोपर्यंत जातं, म्हणून पुस्तकांच्या मांडणीवर किंवा हलत्या टेबलावर टाकी नको. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट, मग टाकी. जागा उत्तरेकडच्या भिंतीची. वास्तुवाले पाण्याला ईशान्य कोपरा सांगतात. माझं दैवत थर्मामीटर आहे, आणि पश्चिमेची भिंत त्याला चालत नाही.

तळाला रंगीत खडे घालायचा मोह होईल. गांडूळ समोर धरलंस की नीट बघ: तोंड एकदम उघडतं आणि समोरचं पाणी गांडुळासकट आत ओढलं जातं. चावणं नावापुरतंच. म्हणजे घासाबरोबर शेजारचा खडाही पोटात जाणार. तो आतड्यात अडकला की प्राणी मरतो, आणि आपल्याकडे त्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर सापडणं कठीण. सुरुवातीला तळ मोकळा ठेव. प्राणी सहा इंचांचा झाला की हवी तर अगदी बारीक वाळू घाल, रव्याहून जाड नको. दोन जागी लपायची सोय कर. पीव्हीसी पाइपचा धार घासून काढलेला तुकडाही चालतो. त्याला पापण्या नाहीत, त्यामुळे दिव्यांचा झगमगाट करू नकोस.

आता खरा खर्च कशाचा ते सांगतो. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. ते खोरं सव्वादोन हजार मीटर उंचावर आहे. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेवर. तिथल्या गार पाण्याची सवय त्याच्या अंगात आहे. त्याला 16 ते 18 अंश मानवतं, 20 पर्यंत तो चालवून घेतो, 22 च्या पुढे त्रास सुरू होतो आणि 24 ला तो आजाराच्या दारात उभा असतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, नेमकी तेव्हाच प्राण्याची गरज वाढते आणि बुरशीलाही जोर चढतो. पुण्यात एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद खोलीतल्या टाकीचं पाणी 29-30 ला सहज जातं. मधलं अंतर तूच मोज.

लोक पंख्याचा उपाय सांगतील. पाण्यावर तिरका पंखा सोडला की बाष्पीभवनानं पाणी दोन-चार अंश उतरतं, माठाचंच गणित. कोरड्या हवेत ते जमतं, पण मुंबईत किंवा कोकणात दमट हवेपुढे पंखा हात टेकतो, आणि पुण्यातही 30 चे 26 झाले तर तुझं काम होत नाही. बर्फाच्या बाटल्या सोडायच्या तर दुपारी पाणी 17 आणि पहाटे 24, असा झोका होतो. त्या झोक्यानंच प्राणी खचतो. बाटल्या फ्रीझरमध्ये असू देत, पण वीज गेलेल्या दिवसासाठी. तेव्हा सरळ सांगतो: चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यायची ऐपत होईपर्यंत अ‍ॅक्सोलॉटल घेऊ नकोस. चिलर टाकीपेक्षा कितीतरी महाग पडतो, हे माहीत असूनच म्हणतोय. तो मागून गरम हवा फेकतो, म्हणून त्याला कपाटात कोंबू नकोस. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लाव, चिलरचं काम हलकं होईल. चिलरमधून परतणारं पाणी जोरात येतं. ते भोकं पाडलेल्या नळीतून काचेकडे वळव. प्राण्याला संथ पाणी लागतं.

मग टाकी भरायची आणि तिला ‘सायकल’ करायची. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो जहरी. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही जहरीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही दोन्ही बिऱ्हाडं बसायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना अमोनियाचा खुराक हवा. कल्हईवाला भांड्याला लावतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. मात्र कल्हईचा नको, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध आण. चिमूटभर टाकून टेस्ट किटनं माप घे. दोन पीपीएमच्या आसपास थांब. रोज मोज आणि वहीत लिही. टाकलेला दोन पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, म्हणजे टाकी तयार. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. किट पट्ट्यांचं नको, थेंबांचं घे.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला की पुरे. आपल्याकडे महिन्यातून एकदा सगळी टाकी उपसून, घासून लख्ख करण्याची हौस असते. तसं करायचं नाही, हे कामाच्या मावशींना आणि ताईलाही आधीच सांगून ठेव. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं आणि नायट्रेट वीसच्या आत ठेवायचं, बास. नळाच्या पाण्याला अँटीक्लोरीन घाल. दुकानात विचारलंस की देतात, पण कोरफड मिसळलेलं नको. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून कढत पाणी येतं, म्हणून बादल्या आदल्या रात्री भरून ठेव आणि टाकीच्या तापमानाला आणूनच ओत. वीज गेली तर जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेव, महाग नसतो.

पुण्याचं धरणाचं पाणी मऊ, आणि या प्राण्याला थोडं जड पाणी लागतं. मऊ पाण्यात आणखी एक गोची होते: जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात, तो संपला की पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. परदेशी मंडळी पोवळ्यांचा चुरा वापरतात. आपल्याकडे पोवळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्या वाटेला जाऊ नकोस. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांची भरड मिळते. ती खळखळून धू, जाळीच्या पिशवीत भर आणि पाणी फिरतं तिथे ठेव. पीएच साडेसात-पावणेआठच्या दरम्यान राहिला की झालं.

खाणं म्हणजे गांडूळ. बाकी सगळं हौसेचं. गांडूळखतवाल्याकडे बहुधा दोन जाती असतात. तांबड्या पट्ट्यांची बारीक आयसेनिया डिवचली की कडू पिवळा रस सोडते, अ‍ॅक्सोलॉटल ती तोंडात घेऊन थुंकतो. मोठी, जांभळट, चपळ ती युड्रिलस, म्हणजे आफ्रिकन नाइट क्रॉलर. ती माग. धुऊन, लहान प्राणी असेल तर तुकडे करून, बोथट चिमट्यानं नाकासमोर हलव. त्याला नीट दिसत नाही, वासावर आणि हालचालीवर चालतो. पिल्लाला रोज, मोठा झाला की दोन-तीन दिवसांनी एकदा. पोट डोक्याच्या रुंदीइतकं दिसलं म्हणजे बरोबर. मार्केटात पिशवीतून मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स गटारातून काढलेले असतात, ते नकोत. मासेही नकोत, खायला नकोत आणि सोबतीलाही नकोत: मासा त्याचे कल्ले कुरतडतो, नाहीतर तो मासा गिळतो. दिवाळीला घरी येशील तेव्हा शेजारच्यांवर खाऊ घालायचं काम सोपवू नकोस. गार पाण्यातला मोठा प्राणी आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. शेजारच्यांच्या मायेनं मात्र पाणी सडतं.

रोज एकदा नुसतं बघ. डोक्यामागच्या पिसाऱ्यासारख्या कल्ल्यांच्या तीन-तीन दांड्या सैल, झुपकेदार असल्या की सगळं ठीक. त्या पुढे वळल्या तर पाण्याचा जोर जास्त आहे किंवा पाणी बिघडलंय. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं तरी तेच. अशा वेळी आधी थर्मामीटर, मग टेस्ट किट. औषधाची बाटली सगळ्यात शेवटी. कल्ल्यावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली तर वेगळ्या टबात, त्याच तापमानाच्या क्लोरीन काढलेल्या पाण्यात, लिटरला चहाचे दोन चमचे बिनआयोडीनचं खडेमीठ विरघळवून त्याला दहा मिनिटं ठेव. पंधराच्या पुढे नाही. अंगाला उगाच हात लावू नकोस, त्याची कातडी नाजूक असते आणि साबणाचा अंश ती शोषून घेते. उचलायचा तर जाळीनं नको, डब्यानं. तुटलेलं बोट, अगदी अख्खा पाय पुन्हा उगवतो, हे खरं. म्हणून हलगर्जी चालते असं नाही.

जोडी घ्यायचा विचार आताच सोड. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते आणि त्यांचं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नसतं. रंगाचं म्हणशील तर रानटी करडा, गुलाबी-पांढरा, सोनेरी, काळा, जो आवडेल तो घे. माइनक्राफ्टमधला निळा मात्र खेळातच असतो. कुणी विकायला काढला तर तिथून उठ.

कागदांचं विसरू नकोस. सोचिमिल्कोत 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल मोजले होते, 2014 मध्ये 36. रानात तो संपत आलाय, आणि साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 2024 चे नियम आले, तेव्हापासून असे परदेशी प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. विकणाऱ्याकडे कागद माग. तो ‘कोण विचारतंय’ म्हणाला तर दुसरा शोध.

प्राणी तीन इंचांहून लहान घेऊ नकोस, अगदी छोटी पिल्लं पटकन दगावतात. शक्यतो थंडीत आण, थर्माकोलच्या खोक्यातून, रात्रीच्या गाडीनं. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेव, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाल, आणि शेवटी प्राणी तेवढा आत सोड. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. पहिले दोन-तीन दिवस तो कोपऱ्यात बसून राहील आणि गांडुळाकडे बघणारही नाही. तेव्हा घाबरून मला फोन करू नकोस. चौथ्या दिवशी कर, आणि करताना वहीतले आकडे समोर ठेव.