गॅल्व्हेस्टनचे तुफान

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातात, गॅल्व्हेस्टन नावाचे वाळूचे एक चिंचोळे बेट आहे. त्यावरील भरभराटलेल्या शहराची सर्वांत उंच जागाही पूर्वी समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ फूट होती. समुद्राला बांध घालावा, ही सूचना पुढे आली होती. पण ती मनावर कोणी घेतली नाही.

८ सप्टेंबर १९०० रोजी तुफान आले. अशा चक्री वादळास तिकडे हरिकेन म्हणतात. वाऱ्याने छपरे उडतात हे खरे; पण बेटाचा घात करते ते पाणी. वारा समुद्राला किनाऱ्याकडे रेटतो आणि उथळ तळावर पाणी फुगत जाते. त्या दिवशी ते १५ फुटांहून अधिक चढले. बेट बुडाले, मुख्य भूमीकडे जाणारे पूल मोडले. ६,००० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

वाचलेल्यांनी बेट सोडले नाही. त्यांनी १७ फूट उंचीची भिंत उभारली. मग २,००० हून अधिक इमारती जॅक लावून उचलल्या आणि त्यांच्याखाली पंपाने समुद्रतळाची वाळू भरली. तोवर नागरिक फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत! १९१५ साली तसेच प्रचंड तुफान पुन्हा आले. लाटा भिंतीवर आदळल्या. भिंत ढळली नाही.